वांग्यांच्या शेताखालचं तळं

सिल्वासाजवळ रांध्याला माझं तळं बघायला लोक येतात, तेव्हा आधी नाक मुरडतात. वांग्यांच्या शेताच्या खालच्या कडेनं बारा फूट रुंद चर आहे आणि तो पाणकणसानं आणि लव्हाळ्यानं इतका गच्च भरलाय की आत पाणी आहे हेच कळत नाही. "काका, एवढं तण वाढू दिलंत?" असं कुणीतरी विचारतंच. मी त्याला आधी चराच्या वरच्या टोकाला नेतो, जिथं शेतातलं पाणी आत येतं. तिथं काठी फिरवून दाखवतो. काही हलत नाही. मग शंभर पावलं चालून खालच्या टोकाला नेतो, जिथं चर तळ्याला मिळतो. तिथं काठी फिरवली की नखाएवढे झिंगे चहूकडे उडतात. पाण्यातलं फवारणीचं औषध डोळ्यांना दिसत नाही, पण झिंग्याला कळतं. माशाच्याही आधी तो मरतो. जिथं झिंगे आहेत तिथलं पाणी चांगलं, एवढी साधी गोष्ट आहे.

हा चर मी केला. त्याची जागा मी मिळवली, खणून मी घेतला, त्यातली झाडं मी लावली. हे एवढं ठासून लिहायचं कारण, गावात हल्ली दुसरंच ऐकायला मिळतं.

मी मूळचा खानदेशातला. आमच्या गावात पाण्यात काही उगवावं एवढा वेळ पाणी कुठं थांबतच नसे. सिल्वासाला आलो तो जवळच्या सायली गावातल्या एका धाग्याच्या कारखान्यात कामाला लागलो. चौदा वर्षं काढली. तिथं मला एक गोष्ट पक्की शिकवली गेली, ती म्हणजे साफसफाई. मशीनखाली धाग्याचा गुंता दिसला की सुपरवायझर सगळ्यांसमोर विचारायचा, "हे तुझ्या घरी चालतं का?" माझ्या मशीनखाली त्याला कधी काही सापडलं नाही. सुट्टीच्या दिवशी मी सायकलवरून मासे आणून शहरातल्या आमलीत विकायचो. कामगारांच्या चाळीत मासे खाणारे पुष्कळ. हळूहळू बायकोनं तिथंच मासळीचा एक ओटा धरला, आणि कारखान्यापेक्षा ओट्यावर जास्त बरकत आहे हे लक्षात आल्यावर मी कारखाना सोडला. दुसऱ्याचे मासे विकण्यापेक्षा आपले वाढवावेत, म्हणून तळं शोधायला लागलो.

रांध्याच्या पंचायतीचं तळं कितीतरी वर्षं पडून होतं. निम्म्या पाण्यावर जलपर्णी, काठाला माणसाच्या उंचीचं पाणकणीस, मध्ये शेवाळाचे पुंजके. पंचायतीनं ते भाड्यानं द्यायला काढलं तेव्हा पुढं आलेला मी एकटाच. मी सदस्यांना काठाकाठानं फिरवलं आणि प्रत्येक पुंजक्यापाशी थांबून म्हणालो, "हे बघा. हे तळं आहे की रान? हे उपसण्यातच माझी कंबर मोडणार." त्या झाडांच्या जोरावर मी भाडं असं खाली आणलं की घरी येऊन बायकोला सांगताना मला हसू आवरेना. पाच वर्षांचा करार झाला. त्यात एक कलम होतं. तळ्याला किंवा गावाला नुकसान होईल असं काही घडलं, तर पंचायत तळं काढून घेईल. मी सही केली.

आणि मग मी ते तळं साफ केलं.

पंधरा दिवस वीस माणसं लावली. मी स्वतः छातीभर पाण्यात. कारखान्याची फरशी साफ करावी तसं तळं साफ केलं. मुळासकट उपटलं, काठावर ढीग घातले, वाळवून पेटवून दिले. फक्त पूर्वेचा एक कोपरा राहिला. तिथं जळवा फार होत्या, माणसं उतरेनात. मी ओरडलो, शिव्या दिल्या, शेवटी स्वतः उतरलो आणि पोटरीला चार जळवा घेऊन बाहेर आलो. मग तो कोपरा सोडून दिला.

बांधावरच एक वारली म्हातारी राहते. मी तिला मावशी म्हणतो. ती मला पहिल्या दिवसापासून शेठ म्हणते आणि अरेतुरे करते. रोज सकाळी ती तळ्यातून नाळीची भाजी खुडून न्यायची. तिची भाजीही मी उपटली होती. ती आमचं काम बघत बसलेली असायची. शेवटच्या दिवशी म्हणाली, "पाणी नागडं केलंस, शेठ."

"मावशी, मासे पाण्यात राहतात, गवतात नाही."

"तू किती वर्षं पाण्यात राहिलास?"

माणसं हसली. मला राग आला, पण तिच्या वयाकडं बघून मी पुढचा ढीग पेटवायला वळलो.

तळं आरशासारखं झालं. भंगार बाजारातून धुतलेले निळे ड्रम आणून मी त्यांचा तराफा बांधला, म्हणजे मधोमध जाऊन खाद्य टाकता येईल. रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली. गावाकडच्या नातेवाइकांना फोटो पाठवले. सात-आठ महिन्यांत मासे हातभर झाले. ते फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहेत. बघवत नाहीत.

तळ्याच्या वरच्या बाजूला उतारावर वांग्यांचं शेत आहे. शेत एका गुजराती शेतकऱ्याचं. माणूस मेहनती, बोलायला गोड, आणि सौद्यात माझ्यासारखाच चिवट. थंडीत त्याच्या वांग्यांवर अळी पडली आणि त्यानं सकाळी फवारणी केली. त्याच दुपारी कॅनलच्या पाण्याची पाळी एक दिवस आधी आली. आलेली पाळी सोडून देईल तो शेतकरी कसला. त्यानं पाणी शेतात घेतलं आणि वाडीला पाहुण्यांकडं निघून गेला. सऱ्या भरल्या, बांध ओलांडला आणि संध्याकाळपर्यंत ते सगळं पाणी सरळ माझ्या तळ्यात उतरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीनं फोन करवला. मी पोचलो तेव्हा काठाला आधी झिंगे दिसले, पांढरे पडलेले, तांदूळ सांडावेत तसे. पाणकिडे उलटे झालेले. मासे पाण्यावर येऊन तोंड उघडत होते, काही एका कुशीवर गोल गोल फिरत होते. दुपारपर्यंत तळ्याचा मधला भाग पांढऱ्या पोटांनी भरला. बायको ओटा बंद करून आली. ती फार बोलत नाही, पण घाबरली की तिच्या तोंडून अहिराणी निघते. "काय करशात आते?" एवढंच म्हणाली.

मी काय करणार होतो? टोपल्या घेऊन मेलेले मासे काढत काठाकाठानं फिरत होतो. फिरता फिरता पूर्वेच्या कोपऱ्याशी आलो, जळवांच्या. तिथं पाणकणसाच्या आत काहीतरी सळसळलं. वाकून बघितलं तर रोहू. एक नाही, चाळीस-पन्नास तरी असतील. आणि त्यांच्या खाली गाळावर झिंगे चालत होते. जिवंत. तिथून दहा पावलांवर सगळं मेलेलं आणि इथं माझ्या हातून राहून गेलेल्या त्या घाणीत सगळं जिवंत.

मी तिथंच पाण्यात उतरलो. जळवा चढत होत्या, त्या चढू दिल्या.

पंचायतीची बैठक त्याच आठवड्यात झाली. मी म्हणालो, शेतातलं पाणी आलं. शेतकरी उठला. माझ्याकडं न बघता सरपंचबाईंना म्हणाला, "बेन, आमच्या बापजाद्यांपासून इथं शेती आहे, फवारणी आहे. मासे आजच का मेले? हा भाई कारखान्यातला माणूस. तळ्यात निळे ड्रम कुणी आणले? ड्रममध्ये काय होतं, कुणाला ठाऊक?"

आता लिहिताना शांतपणे लिहितोय, पण त्या दिवशी मी खुर्ची लाथाडली. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. ड्रम मी सोड्यानं तीनदा धुतले होते. सात-आठ महिने ते पाण्यात होते आणि तेवढेच महिने मासे वाढत होते. हे सगळं सांगता आलं असतं. पण रागात माणूस आपला मुद्दा स्वतःच बुडवतो. मी ओरडत राहिलो आणि ग्रामसेवकानं शेतकऱ्याचं म्हणणं बैठकीच्या वहीत लिहून घेतलं. भाडेकरूनं कारखान्याचे रसायनाचे ड्रम तळ्यात टाकल्याचा संशय. अशा शब्दांत. माझ्या नावापुढं.

सरपंचबाई वारली आहेत, वयानं माझ्यापेक्षा लहान. त्यांनी दोघांनाही बसवलं. म्हणाल्या, "करारातलं कलम मला माहीत आहे. पण एक संधी देते. पुढची थंडी जाऊ दे. कॅनलचं पाणी येईल, फवारणीही होईल. तेव्हा पुन्हा मासे मेले, तर तळं सोडायचं. मग बोलायचं नाही."

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "अहो, तुम्ही गप्प बसला असतात तर एवढं झालं नसतं."

"तो खोटं बोलला."

"तो दोन वाक्यं बोलला. तुम्ही पन्नास बोललात. लोकांनी त्याची दोन ऐकली."

हे ऐकून मला आणखी राग आला, पण वर्षभर डोक्यात राहिलं ते हेच.

आमच्या ओट्यावर दर रविवारी एक मास्तर यायचे. कोकणातले, इथल्या सरकारी शाळेत विज्ञान शिकवायचे. मासा हातात घेऊन कल्ला उघडून बघितल्याशिवाय घ्यायचे नाहीत आणि भाव कधी करायचे नाहीत, म्हणून माझे आवडते. त्यांना मी पूर्वेच्या कोपऱ्याची गोष्ट सांगितली आणि विचारलं, "मास्तर, पाणकणीस विष खातं का?"

"खातं म्हणजे थोडं मुळांतून घेतं," ते म्हणाले. "पण त्याहून जास्त ते अडवतं. दांड्यावर हात फिरवलात तर बुळबुळीत लागतो ना? त्या थरात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते औषधाचे तुकडे करतात. शिवाय झाडांमुळं पाणी हळू चालतं, गढूळपणा खाली बसतो, त्याला चिकटलेलं औषधही बसतं. पण काका, सगळ्याच औषधांना हे लागू नाही. काही जातात, काही राहतात. वेळ द्यावा लागतो."

"किती वेळ?"

"ते मी कसं सांगू? करून बघा."

मी करून बघितलं. आमलीला आमच्या खोलीमागं अंगण आहे. तिथं तीन टब मांडले. शेतकऱ्यानं पुन्हा फवारणी केली आणि पाणी दिलं, तेव्हा त्याच्या सरीतलं पाणी कॅन भरून आणलं आणि तिन्ही टबांत सारखं ओतलं. एकात नुसतं पाणी. एकात तळ्यातला गाळ. एकात गाळ आणि त्यात पाणकणसाचे आणि लव्हाळ्याचे गड्डे. लगेच बोटुकली सोडली. तिन्ही टबांतली मेली. बायको म्हणाली, "तुमच्या घाईनं मेली."

खरं होतं. दुसऱ्यांदा पाणी आणलं तेव्हा मी पाच दिवस थांबलो आणि मग बोटुकली सोडली. नुसत्या पाण्याच्या टबात जवळजवळ सगळी गेली. गाळाच्या टबात निम्मी राहिली. झाडांच्या टबात दोन सोडून सगळी पोहत होती. मी ते चार वेळा केलं. शेजारी वासानं वैतागले, घरमालक दोनदा येऊन गेला. प्रत्येक वेळी आकडे थोडे वेगळे आले, पण क्रम तोच. मास्तर एका रविवारी अंगणात येऊन बघून गेले आणि म्हणाले, "काका, माझ्या वर्गातली मुलं एवढा धीर धरत नाहीत." मी कारखान्यात चौदा वर्षं काढली, मला कुणी कधी असं काही म्हणालं नव्हतं.

म्हणजे हवं होतं ते असं, की शेतातलं पाणी तळ्यात पडायच्या आधी झाडांमधून जावं आणि हळू जावं. तळ्याच्या आत पुन्हा रान करून भागणार नव्हतं, कारण पाणी आत आलं की आलं. चर हवा होता शेत आणि तळं यांच्या मध्ये. आणि तिथली जमीन होती शेतकऱ्याची.

ज्या माणसानं माझ्या नावापुढं ते वाक्य लिहायला लावलं, त्याच्या ओसरीवर मला जमीन मागायला जायचं होतं. आठ दिवस मी बायकोशी धड बोललो नाही. मग गेलो. जाण्याआधी मी त्याच्या शेताच्या खालच्या कडेनं दोनदा फिरलो होतो. खालच्या आठ-दहा फुटांत वांगी पिवळी पडलेली, खुजी. तिथं पाणी साचायचं. आणि वरच्या उतारावरची माती धुपून खडक उघडा पडलेला. हे दोन मुद्दे खिशात घालून मी गेलो.

त्यानं चहा मागवला. मी म्हणालो, "तुमच्या कडेची पंधरा फूट पट्टी द्या."

"पंधरा?" तो हसला. "अरे भाई, पंधरा फुटांत तर मी मुलीचं लग्न लावीन."

"तिथं वांगी येतात कुठं? पिवळी पडतात."

"पिवळी तर पिवळी, माझी आहेत ने."

"बदल्यात गाळ देतो. तळ्याचा. मला उपसायचाच आहे. तुमचा वरचा उतार खडकाला लागलाय. ट्रॅक्टर माझा, माणसं माझी. तुम्ही फक्त कुठं टाकायचा ते बोट दाखवा."

तो गप्प झाला. सौद्यात समोरचा गप्प झाला की आपणही गप्प बसायचं, हे मी ओट्यावर शिकलोय. चहा संपला. तो म्हणाला, "पाच फूट."

मी उठलो. फाटकापर्यंत गेलो. "बेसो ने, भाई," असं मागून ऐकू आलं. परत आलो. सात झाले. पुन्हा उठलो, या वेळी खरोखर रागानं, कारण तो म्हणाला होता की झाडं लावून पाणी साफ होत असेल तर कारखान्यांनी कशाला एवढी मशीनं बसवली. त्याच्या बायकोनं मला दारात अडवलं, तिच्या हातात नाश्त्याची ताटली होती. खमण खाता खाता नऊ फूट ठरले. मला नऊच हवे होते. मास्तरांबरोबर बसून मी तेवढाच हिशेब केला होता. आणखी एक अट मी घातली, फवारल्यावर तीन दिवस पाणी सोडायचं नाही. "पाळी आली तर?" तो म्हणाला. "पाळी माझ्या हातात नाही." "पाळी आली तर आधी मला फोन करायचा." हे त्यानं मानलं.

मग मी वहीचा विषय काढला. "आणि पंचायतीत जाऊन सांगायचं, ड्रमचं बोललात ते चुकीचं होतं. वहीतलं ते वाक्य खोडायला लावायचं."

त्याचा चेहरा बदलला. बायकोकडं बघितलं, अंगणाकडं बघितलं. म्हणाला, "तीन फूट आणखी घे."

"काय?"

"बारा घे. पण वहीचं सोड. गावासमोर बोललेला शब्द मी परत घेत नाही. माझ्या बापानंही घेतला नव्हता."

त्याला माहीत होतं की तो चुकलाय. नाहीतर कुणी तीन फूट जमीन अशी सोडत नाही. हात पुढं करावा की त्याच्या तोंडावर दार आपटून निघून जावं, हे मला ठरवायचं होतं. माझं रक्त म्हणत होतं, आपट. पण नऊ फुटांत पाणी जेवढं रेंगाळेल, त्याहून बारा फुटांत जास्त रेंगाळेल. तीन फूट रुंदी म्हणजे जोराचं पाणी आलं तरी मासे वाचण्याची शक्यता. मी हात पुढं केला.

बायकोला सांगितल्यावर ती म्हणाली, "पहिल्यांदा तुम्ही राग विकून काहीतरी आणलंत."

उन्हाळ्यात चर खणला. सरळ नाही खणला, वळणं ठेवली, म्हणजे पाणी धावणार नाही. पाणकणीस लावलं ते जळवांच्या कोपऱ्यातून काढून. कसं लावायचं ते मावशीनं दाखवलं. कांदा गाळात चार बोटं दाबायचा, वर गुडघ्याखाली पाणी ठेवायचं, पहिले पंधरा दिवस म्हशी आत येऊ द्यायच्या नाहीत. लावणी झाली तशी ती म्हणाली, "आता नाळी पण लाव. मी खुडीन."

"इथली नाही खायची, मावशी. हे औषध अडवायला लावलंय. त्याच्या पानात जे जाईल ते तुझ्या पोटात जाईल."

"आधी उपटलंस. आता स्वतः लावलंस. वर म्हणतोस खायचं नाही. शेठ, तुझं काही खरं नाही."

तिच्यासाठी मी तळ्याच्या पलीकडं, जिथं शेताचं पाणी येत नाही, झऱ्याच्या तोंडाशी नाळी लावून दिली. ती रोज तिथून खुडते आणि रोज मला ऐकवते की पूर्वी बांधावरून हात लांबवला की मिळायची, आता अर्धी वाट तुडवावी लागते.

एक चूक आणखी केली, तीही लिहितो. पावसाळ्यात मी तळ्यात पुन्हा बोटुकली सोडली, त्याच सुमारास चरात जलपर्णी आपोआप आली आणि मी राहू दिली. झाडं म्हणजे झाडं, जास्त तेवढी चांगली, असं वाटलं. तिनं सगळं पाणी झाकलं, भाद्रपदात खालून सडली, आणि सकाळी चराच्या तोंडाशी मासे हवेसाठी वर यायला लागले. मास्तर म्हणाले, सडलेलं झाड पाण्यातली हवा खातं आणि अडवलेलं औषधही परत सोडतं. तेव्हापासून वर्षातून दोनदा मी वाढलेलं कापतो आणि तळ्यापासून लांब खड्ड्यात पुरतो. गुरांना घालत नाही, कुणी मागितलं तरी देत नाही. लावणं एकदाच असतं, हे कापणं जन्मभराचं आहे. बघायला येणाऱ्यांना मी हे सांगतो तेव्हा ते मान डोलावतात आणि विसरतात.

थंडी आली. शेतकऱ्यानं दोन फवारण्या केल्या, दोन्ही वेळा तीन दिवस थांबला. तिसऱ्या वेळी फोन आला, "भाई, काल फवारलंय आणि पाळी आज आलीय. सोडली तर पंधरा दिवस पाणी नाही." निदान फोन तरी केला. मी गेलो आणि चराच्या बाहेर पडायच्या तोंडावर मातीची पोती टाकून ते अर्धं बुजवलं, म्हणजे पाणी आत जास्त थांबेल. दिवसभर पाणी चरात चढत राहिलं. पाणकणीस कमरेपर्यंत पाण्यात उभं. मावशी बांधावर बसून होती. पुढचे चार दिवस मी रोज सकाळी तळ्यावर होतो, बायको एकटी ओटा सांभाळत होती.

चराच्या वरच्या टोकाला झिंगे मेले. मधल्या वळणाला काही मेले, काही जगले. तळ्याच्या तोंडाशी पाच-सहा छोटे मृगळ मेलेले सापडले. ते मी लपवले नाहीत, सरपंचबाईंना दाखवले. त्या दोन सदस्यांना घेऊन पाचव्या दिवशी आल्या होत्या. तळ्यात मी खाद्य टाकलं आणि पाणी उकळल्यासारखं झालं. रोहू एकमेकांच्या पाठीवर चढत होते. एका सदस्यानं विचारलं, "हे त्या गवतामुळं?" मी म्हणालो, "गवतामुळं, गाळामुळं, वळणांमुळं, आणि याच्या फोनमुळं." शेतकरी बाजूला उभा होता, त्यानं मान वळवली.

त्या महिन्याच्या बैठकीत तळं माझ्याकडंच ठेवायचं ठरलं. सगळ्यांनी हात वर केले, शेतकऱ्यानंही. मग सरपंचबाईंनी वही उघडली, मागचं पान काढलं आणि त्याला विचारलं, "काका, हे तुमचं ड्रमचं म्हणणं. हे असंच ठेवायचं का?"

खोलीत सगळे त्याच्याकडं बघायला लागले. तो उठला नाही. बसल्या जागेवरून मला म्हणाला, "खोडून टाकतो, भाई. तीन फूट परत दे."

दोन-चार लोक हसले. तो हसला नव्हता. त्याला ते तीन फूट टोचत होते, जसं मला ते वाक्य टोचत होतं. वांगी आता तिथं उत्तम आली असती, कारण साचणारं पाणी चर ओढून घेत होता. गावात तो लोकांना सांगतो की चर त्याच्या शेतात आहे, त्यानं दिलाय, तळं त्यानं वाचवलं. जमीन त्याची आहे, हे खरंच आहे.

मी बायकोकडं बघितलं. ती दाराशी बायकांमध्ये उभी होती.

"राहू दे," मी म्हणालो. आवाज चढवला नाही. "वहीतलं वाक्य राहू दे. तीन फूट पाण्यातच राहतील."

ग्रामसेवकानं पान उलटलं आणि पुढच्या विषयाला लागला. रस्त्याचे दिवे होते बहुतेक.

ते वाक्य अजून त्या वहीत आहे, माझ्या नावापुढं. कुणीही जाऊन वाचावं. मग तिथून चालत तळ्यावर यावं, चराच्या खालच्या टोकाला काठी फिरवावी आणि काय उडतं ते बघावं.